सॉलिसिटर व्हायला मुंबईला जाऊ, की नाशिकलाच बसू?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडजवळच्या गावातल्या एका मुलीने नाशिकला एलएलबी केली, सनद घेतली, एआयबीईचा, म्हणजे बार कौन्सिलच्या पात्रता परीक्षेचा, निकाल यायचाय. मामा म्हणतात, "जिल्हा कोर्टात तारखा घेण्यात जन्म जाईल, मुंबईला जाऊन सॉलिसिटर हो." वडिलांना वाटतं जेएमएफसीचा, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेचा, अभ्यास करावा. आणि तिची स्वतःची भीती अशी, की एआय आल्यावर ज्युनिअर कुणाला लागणार?

माझी सनद २००१ ची. पहिली काही वर्षं दिवाणी कोर्टात पूर्ण वेळ उभी राहिले, मग जमिनीच्या कागदांकडे वळले ते वळलेच. आता निम्म्याहून जास्त काम ऑफिसात, टेबलावर होतं. म्हणजे मामांच्या हिशेबाने मी अर्धी सॉलिसिटरच, फक्त दारावर तशी पाटी नाही. तेव्हा माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, त्या बेताने वाचा.

आधी 'सॉलिसिटर' या शब्दाचा उलगडा करू, कारण नाशिकमध्ये निम्म्या घरांत हा शब्द 'मोठा वकील' या अर्थाने वापरतात. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे भारतात वकिली करणाऱ्यांचा वर्ग एकच, ॲडव्होकेट. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात) मात्र जुनी दुहेरी पद्धत होती: सॉलिसिटरने पक्षकाराला भेटायचं, कागद तयार करायचे, आणि काउन्सेलने फक्त कोर्टात बोलायचं. १९७६ च्या दुरुस्तीने ही पद्धत गेली, १ जानेवारी १९७७ पासून. राहिली ती परीक्षा. १८९४ पासूनची बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ती अजून घेते. मुंबईतल्या सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे हाताखाली उमेदवारी, करायची आणि मग परीक्षेला बसायचं. परीक्षा अवघड आहे आणि तिचा मान अजून टिकून आहे.

पण ती पास न होता सॉलिसिटरचं एखादं काम तुम्हाला करता येत नाही, असं नाही. खरेदीखताचा मसुदा, मालकी स्वच्छ असल्याचं टायटल सर्टिफिकेट, कंपनीचे करार, हायकोर्टात वकीलपत्र, सगळं सनदेवर होतं. ती परीक्षा म्हणजे तालीम आहे. मुंबईतल्या जुन्या फर्मच्या भागीदारांना ती तालीम ओळखू येते, आणि ज्यांना तिथेच वाढायचंय त्यांना तिचा उपयोग होतो.

मग जायचं का? माझं मत: तीन वर्षं मुंबईत राहण्याचा खर्च घराला झेपत असेल, इंग्रजी मसुदे लिहिण्याची खरोखर आवड असेल, आणि मुख्य म्हणजे आर्टिकलशिप देणारं ऑफिस आधी हाती असेल, तर जा. नुसतं 'मुंबईला जाऊन बघू' असं असेल तर नको. माझ्या ओळखीतली दोन मुलं तशी गेली. एक मोठ्या इमारतीच्या सतराव्या मजल्यावर दीड वर्ष एकाच प्रकारच्या कर्जाच्या करारांमध्ये रकमा आणि तारखा जुळवत बसला. पगार चांगला होता. पण परत आला तेव्हा त्याला साधा मनाईचा अर्ज लिहिता येत नव्हता, आणि हे त्यानेच हसत हसत सांगितलं. दुसरी तिथेच रमली आणि आज उत्तम काम करते. दोघांमध्ये फरक हुशारीचा नव्हता. तिला तिथलं काम काय असतं ते माहीत होतं, त्याला नव्हतं.

इंग्लंडचं सॉलिसिटर होण्याबद्दलही हल्ली बरेच जण विचारतात. तिथे २०२१ पासून एसक्यूई ही नवी परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्या टप्प्यात लेखी आणि तोंडी कौशल्यं. आपल्याकडची सनद असलेल्याला तिथली दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागू होत नाही, ही जमेची बाजू. दोन्ही टप्प्यांची नुसती फी साडेचार हजार पौंडांच्या वर जाते, ही दुसरी बाजू. उलट दिशेने, बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२३ मध्ये नियम करून आणि २०२५ मध्ये ते सुधारून परदेशी फर्मना परदेशी कायद्यापुरतं, कोर्टाबाहेरचं काम भारतात करायची वाट मोकळी केली आहे. त्याची झळ किंवा ऊब मुंबई-दिल्लीला लागेल. निफाडला इतक्यात नाही.

आता नाशिकचं. मामांना जे 'तारखा घेणं' दिसतं ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण जिल्हा कोर्टाच्या आवाराबाहेर गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे काम वाढलंय ते त्यांना दिसत नाही, कारण ते बंद दाराआड होतं. जमीन आणि त्याभोवतीचे कागद, हे ते काम. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि मुंबईचा गिऱ्हाईक दोन-अडीच तासांवर आला. २०२७ चा सिंहस्थ आहे, त्याची कामं आणि भूसंपादन आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात आणि निम्म्यांच्या नावावर जमीनच नाही, मग मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, उपनिबंधकांकडे धाव. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी कागद वाचायला लागतो.

कागद वाचणं म्हणजे काय, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

२००९ च्या सुमाराची गोष्ट. दिंडोरी तालुक्यातली तीन एकर द्राक्षाची जमीन, घेणारा माझा जुना पक्षकार, स्वतः शेतकरी. मी संगणकावरचा सातबारा काढला, दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा सर्च घेतला, सगळं स्वच्छ. तसा रिपोर्ट दिला. साठेखत झालं, बयाणा गेला. महिन्याभरात विकणाऱ्याच्या चुलतभावाने प्रांताकडे तक्रार केली: ही कुळकायद्याने मिळालेली जमीन आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही. मी तलाठी कार्यालयात जाऊन हस्तलिखित सातबारे काढायला लावले. जुन्या सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, फिकट निळ्या शाईत ओळ होती: 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र'. संगणकावर उतरवताना ती ओळ कुणाच्या तरी हातून राहिली होती. आणि मी छापील कागदावर विश्वास ठेवला होता.

पक्षकाराचा बयाणा जवळपास तीन वर्षं अडकला. मी फी परत केली, ते त्याच्या नुकसानीपुढे काहीच नव्हतं. तेव्हापासून माझ्या ऑफिसात नियम आहे: कुठल्याही जमिनीचा सातबारा वरून खाली न वाचता फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, खालून वर वाचायचे. म्हणजे सर्वांत जुना आधी. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला (कसणारं कूळ मालक मानलं गेलं तो दिवस) जमीन कोण कसत होतं, कुळकायद्याच्या कलम ३२ ग प्रमाणे कुळाने द्यायची किंमत ठरली का, ती भरल्याचं ३२ म चं प्रमाणपत्र आहे का, एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचा गट कुठला झाला, मग वारस नोंदी. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम ४३ ची धार बोथट झाली आहे. प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरून पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार होतो. पण शेरा आहे हे आधी दिसायला तर हवं. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबक या पट्ट्यात त्याहून मोठा प्रश्न आदिवासींच्या जमिनीचा, ती परवानगीशिवाय इतरांना देण्यावर बंधन घालणाऱ्या महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ चा. तिथे चूक झाली तर बयाण्यावर भागत नाही.

वारस नोंद हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. बापाच्या मृत्यूनंतर मुलांची नावं कब्जेदार म्हणून वर आणि बहिणींची नावं इतर हक्कात खाली, असे हजारो सातबारे या जिल्ह्यात आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायक, म्हणजे जन्मतः वाटेकरी, केलं, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील तेव्हा हयात असण्या-नसण्याचा वाद मिटवला. त्यामुळे 'बहिणींचं काय, त्या सही देतील' हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवते. देतील तर हक्कसोडपत्र आधी नोंदवा, मग बोलू. बहीण समोर आली की मी तिला एकटीला विचारते, कशावर सही करतेय ते माहीत आहे का. भावांना हे आवडत नाही. एक-दोन पक्षकार त्यापायी गेलेही.

आता एआयची भीती. वर सांगितलेली निळ्या शाईतली ओळ कुठल्या मशीनने वाचली असती का, हा प्रश्न स्वतःला विचारा. पुसट हस्ताक्षर, तलाठ्याचे स्वतःचे लघुरूप शब्द, फाटलेला कोपरा. ते कागद आधी तालुक्याच्या अभिलेख कक्षात जाऊन शोधावे लागतात. त्यासाठी माणूसच पाठवावा लागतो. इंग्रजी निकालाचा गोषवारा काढायला, कराराचा पहिला कच्चा मसुदा करायला मीसुद्धा एआय वापरते. वेळ वाचतो. पण जे निकाल ते देतं त्यातला प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कागदावर येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी अस्तित्वात नसलेले निकाल दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने आयकराचा एक आदेश रद्द केला, त्यातही असेच न झालेले निकाल होते. केरळ हायकोर्टाने तर जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचं धोरणच काढलं. ज्या ज्युनिअरचं काम फक्त जुन्या फायलीतून मसुदा चिकटवणं होतं, त्याचं काम जाईल. मला वाटतं जावंच.

शेतमालाचे करार हे दुसरं काम, आणि तुम्ही निफाडच्या असल्याने हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. दर हंगामात बाहेरचा व्यापारी येतो, बागेत शब्दावर भाव ठरतो, चार गाड्या भरतात, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे मिळतात आणि मग फोन बंद. शेतकरी आधी पोलिसात जातो. तिथे बहुतेक वेळा 'हा दिवाणी वाद आहे' असं ऐकायला मिळतं. चेक असेल तर चेक न वटण्याबद्दलचं कलम १३८: चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला, आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. या तीन मुदतींपैकी एक चुकली म्हणून हरलेले खटले मी मोजणं सोडून दिलंय.

यावर मी काही बागायतदारांना एक पानाचा मराठी करार करून दिला आहे. व्यापाऱ्याचं आधार आणि पॅन, माल कुठे जाणार तो पत्ता, गाडी भरण्याआधी किती टक्के आगाऊ, वजन कुणाच्या काट्यावर, वाद झाला तर नाशिकचं कोर्ट. बस. भाषा अशी, की बांधावर उभं राहून वाचता येईल. याची फी फार मिळत नाही, पण एका कराराने पाच शेजारी येतात. ओझर-पिंपळगाव पट्ट्यात बसून असं काम करणारा वकील शोधून सापडत नाही. तुम्ही विचार करा.

नव्या कायद्यांबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले. जुन्यांना कलमं पाठ होती, आता तेही पुस्तक उघडून बघतात, त्यामुळे तुमच्यात आणि वीस वर्षं झालेल्यात या एका बाबतीत अंतर कमी झालंय. साक्ष अधिनियमाचं कलम ६३ नीट शिका. व्हॉट्सॲप, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड याशिवाय हल्ली प्रकरणच नसतं आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, दुसरा भाग तज्ज्ञाचा. तो नसला की समोरचा वकील हरकत घेतोच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, एकोणतीस कायद्यांच्या जागी. सातपूर, अंबड आणि सिन्नरचे कारखानदार विचारतायत की नेमणूकपत्रात काय बदलायचं. मुदतीच्या नोकरीवरच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, हे अनेकांना अजून ठाऊक नाही. व्यापारी दाव्यात तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२२ मध्ये ते पक्कं केलं. या सगळ्यात कोर्टात भाषण नाही. टेबल आहे.

तरीही पहिली तीन वर्षं कोर्टात काढा, असंच मी सांगेन. इथे मी स्वतःला खोडून काढतेय असं वाटेल. पण ज्याने कधी उलटतपासणी घेतली नाही त्याचे करार ओळखू येतात. ते सुंदर असतात आणि पहिल्याच वादात फुटतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून 'मला वाचून दाखवलं नव्हतं' म्हणाला की 'मजकूर वाचून दाखवला' या कराराच्या शेवटच्या परिच्छेदाची किंमत कळते. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर दहा वेळा युक्तिवाद केला की साठेखतात ताब्याबद्दल नेमकं काय लिहायचं ते आपोआप सुचतं. शिवाय आपल्या कोर्टाची भाषा मराठी आहे. इथला दावा, कैफियत (प्रतिवादीचं उत्तर), पुरसीस (कोर्टाला दिलेलं छोटं निवेदन) मराठीत लिहिता येणं हे मुंबईच्या फर्ममध्ये कुणी शिकवणार नाही.

वडिलांच्या जेएमएफसीच्या म्हणण्यालाही हेच उत्तर आहे, आणि ते आता सुप्रीम कोर्टाचं आहे. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवरच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजतात, आणि किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे कोचिंग क्लासमध्ये बसून ती मिळणार नाहीत. तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट अशी, की न्यायाधीश व्हायचं ठरो वा टायटलचं काम, पहिली तीन वर्षं एकाच जागी जातात.

पैशांचं बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे. नाशिकमध्ये आजही अनेक ऑफिसांत पेट्रोलचे पैसे आणि चहा यावर वर्ष निघतं. विचारायला लाजू नका. पहिल्या भेटीतच विचारा, आणि आकडा न सांगता 'बघू' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. सनदेच्या फीबाबतही मागच्या बॅचच्या मुलींना सांगा: ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपये, याहून जास्त फी बार कौन्सिलला घेता येत नाही.

मुलींनी दिवाणी-महसुली काम करू नये, तालुक्याला जावं लागतं, असंही कुणीतरी सांगेल. मला सांगितलं होतं. येवला, सिन्नर, मालेगावच्या एसटीत बसून मी फेरफार वाचलेत. सुरुवातीला तलाठी कार्यालयात मला विकणाऱ्याची सून समजायचे. मी तो गैरसमज दूर करायची घाई करत नसे, सुनेसमोर माणसं खरं बोलतात.

हायकोर्टाचं काम करायचं असेल तरी नाशिक सोडायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, ते दक्षिणेकडच्या सहा जिल्ह्यांसाठी. आपण मुंबईलाच. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरायची, मॅटर आटोपून संध्याकाळी तिनेच परत, हा इथल्या कित्येक वकिलांचा नेम आहे, आणि तिथल्या सॉलिसिटरांना नाशिकच्या जमिनीचे कागद बघून देणारा इथला भरवशाचा माणूस हवाच असतो. माझं बरंचसं काम तसंच येतं. सुरुवात एका फोनने झाली: समोरच्या फर्मला सातबाऱ्यावरच्या 'आकारपड' आणि 'पोटखराबा' यांचा अर्थ हवा होता.

तेव्हा मामांना सांगा, तीन वर्षं इथे, मग वाटलं तर तिथे. सीनिअर निवडताना दिवाणी आणि महसुली दोन्ही कामं असलेलं ऑफिस बघा, आणि निकाली निघालेल्या जुन्या फायली घरी नेऊन वाचू देतील का ते विचारा. पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर सीनिअरबरोबर तुमचंही नाव घालून घ्या. तुम्ही उभ्या राहिलात ती प्रत्येक तारीख कोर्टाच्या रोजनाम्यात तुमच्या नावाने लागली का, ते त्याच संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा सीएनआर नंबर टाकून बघा आणि डायरीत लिहा. तीन वर्षांनी वकिलीचं प्रमाणपत्र मागायला जाल तेव्हा ती डायरी सोबत न्या.